मेथीचा हत्ती

आमच्या घरात आजपर्यंत एकच वस्तू खास फोडण्यासाठी म्हणून तयार करण्यात आली. ती अजून वापरात आहे.

बाकी कपबश्या, लोणच्याच्या बरण्या, दोन थर्मास आणि एक काचेचा मोर या सगळ्या टिकाव्यात म्हणून आणल्या होत्या. त्या आपापल्या वेळी फुटल्या आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. पण ही एक वस्तू मी स्वतः दहा दिवस खपून, फुटावी या शुद्ध हेतूने केली होती. ती कशी शाबूत राहिली हे मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितलं नाही. (घराबाहेरच्यांना ते आधीच माहीत होतं. सगळी बिल्डिंग साक्षीला होती.)

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लालबागची खोली सोडून आम्ही बोरिवलीला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो, त्याच्या पुढचा जानेवारी. आम्ही म्हणजे मी, हे, माझ्या सासूबाई आणि आमची मुलगी मनीषा. तिला सगळे मनी म्हणत. ती तेव्हा दुसरीत होती.

लालबागला मनीला मैत्रीण करावी लागत नसे. दार उघडलं की मैत्रिणी आत येत, लोटलं तरी येत. बोरिवलीला दारांना लॅच होतं. शाळेत तिच्या वर्गाचा पट एकेचाळीस आणि बाक दोघादोघांचा. हिशेब सोपा आहे, शेवटी एकच मूल उरतं, आणि जूनमध्ये नवीन आलेलं मूल आमचं होतं.

"आज कोण बसलं होतं गं शेजारी?" मी रोज विचारायची.

"दप्तर," मनी म्हणायची. "मी त्याला खिडकीजवळची जागा देते."

हे ती रडून सांगत नसे. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. ती अगदी साधेपणाने सांगे आणि मी भाजी ढवळत राही. लालबाग सोडायचा हट्ट माझा होता, त्यामुळे ते दप्तर मलाच टोचत होतं.

डिसेंबरात तिच्या वर्गातल्या जेनीचा वाढदिवस झाला. जेनीचे मामा बोटीवर होते. त्यांनी भाचीसाठी परदेशातून कागदाचं एक गाढव आणलं होतं. ते टांगायचं, डोळे बांधून काठीने फोडायचं आणि आतून पडेल तो खाऊ सगळ्यांनी गोळा करायचा. मनी घरी आली ती गाल लाल करून.

"आई, त्याला पिनाटा म्हणतात."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या मालवणकडच्या. चाळीस वर्षं लालबागला काढूनही त्यांची भाषा एस.टी.तून नुकतीच उतरल्यासारखी होती. "पिन्या?" त्या म्हणाल्या. "खंयचो पिन्या?"

"पिन्या नाही गं आजी, पिनाटा. दहीहंडीसारखं असतं, पण दही नसतं आणि वर कोणी चढत नाही."

"मगे कित्याक बांधतत?"

"फोडायला."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "फोडूचाच तर करूचा कित्याक?"

  मनी माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "आई, फुटल्यावर सगळ्यांनी जेनीला मिठी मारली. सगळ्यांनी."

तेव्हा मी म्हणाले, "तुझ्या वाढदिवसाला आपणही करू. घरी करू. त्यात काय आहे?"

आता इथे एक कबुली द्यायला हवी. माझ्या हाताला कला आहे, असा माझा लहानपणापासून समज आहे. शाळेत हस्तकलेच्या स्पर्धेत मला दुसरं बक्षीस मिळालं होतं. (स्पर्धेत आम्ही दोघीच होतो.) मी अंधेरीच्या कचेरीत टायपिंग करत बसले होते, नाहीतर त्या बळावर मी कुठल्याकुठे गेले असते.

पहिला प्रश्न प्राणी कोणता करायचा हा होता. मनीला गाढवच हवं होतं.

"वाढदिसाक गाढव?" सासूबाई म्हणाल्या. "मगे वर्सभर तसाच वागतला पोर."

मांजर म्हटलं, तर ते आडवं जातं. घुबड हा शब्द मी पुरा उच्चारूसुद्धा शकले नाही. मासा म्हटला, तर त्या मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "माशाक कोण काठयेन मारता गो? मासो कापतत." शेवटी मी हत्ती सुचवला. हत्तीचं पोट गोल असतं, गोल करायला सोपं आणि खाऊही जास्त मावतो, असा माझा विचार. हत्तीला सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

फुग्यावर कागद चिकटवायचा, वाळला की फुगा फोडायचा, असं जेनीच्या आईने सांगितलं होतं. पहिला फुगा फुगवताना फुटला. दुसरा मनीच्या केसातल्या पिनेने फुटला. तिसऱ्यावर आम्ही दोघींनी कागदाचे दोन थर दिले आणि झोपलो. सकाळी तो सुरकुतलेल्या कैरीएवढा झाला होता.

सासूबाईंनी तो उचलून पाहिला, खाली ठेवला आणि माळ्यावरून उन्हाळ्यातला माठ काढला. "आमच्या गावाक अशे टोपले करतत," त्या म्हणाल्या. "मडक्यार लगदो थापूचो. सुकलो काय उचलूचो. दोन केलंस, तोंडाक तोंड लावलंस, झाला पोट."

मग रीतसर काम सुरू झालं. दोन महिन्यांची रद्दी बादलीत भिजली. मनी आणि मी ती तीन दिवस कुस्करत होतो. मनीच्या हातांना शाई लागली, माझ्या नखांत बातम्या अडकल्या, पण पोरगी सहा महिन्यांत पहिल्यांदा गाणी म्हणत होती. चौथ्या दिवशी मला कचेरीत जाणं भाग होतं. "तू जा गो," सासूबाई म्हणाल्या. "मी थापतंय."

संध्याकाळी घरी आले तर घरात मेथीचा वास. माझा सगळा शीण गेला. थंडीत सासूबाई मेथीचे लाडू करतात, आणि त्यांचे लाडू म्हणजे लाडू. मी काही विचारलं नाही, उगाच हावरटपणा नको. गॅलरीत माठावर पहिली अर्धी वाटी वाळत होती, तिचंही मी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी दुसरी वाटी थापून झाली आणि परत वास आला. त्यानंतर चार दिवस मी लाडवांची वाट पाहिली.

रविवारी दोन्ही वाट्या कडकडीत वाळल्या. मी लिमलेटच्या गोळ्या, पेपरमिंट, बारा पेन्सिली आणि बारा खोडरबर आणले होते, बारा मुलांना बोलावलं होतं म्हणून. सगळं आत भरलं. मनी म्हणाली, "आई, आता तिकडे तोंड कर." मी केलं. मागे कागदाची खसफस झाली. "हं, बंद कर आता," ती म्हणाली.

दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडायचं काम मात्र मी कोणाला दिलं नाही. ते कलेचं काम. मैद्याची खळ शिजवली आणि कागदाच्या पट्ट्यांनी जोड बसवला. खळीत मोरचूद घालतात, म्हणजे उंदीर आणि किडे लागत नाहीत, हे मला माहीत होतं. पण मुलांच्या खाऊशेजारी विष नको म्हणून मी घातलं नाही. पाय, कान, सोंड आणि दोन सुळे हेही मीच खळीने चिकटवले. सोंड मी अगदी सरळ लावली होती. वाळताना ती उजवीकडे वळली.

रंग आणायचं ह्यांच्याकडे होतं. हे साकीनाक्याला एका वर्कशॉपात लेथवर होते. तिथून उरलेला डबा घेऊन आले. झाकण काढलं तर आत भडक शेंदरी.

"अहो, हत्ती राखाडी असतो."

"हा प्रायमर आहे. लोखंडाला पहिला हात देतात," हे म्हणाले. मग माझं समाधान करायला पुढे म्हणाले, "ह्याला आता कधी गंज लागणार नाही."

डबा अर्धाच होता. सगळा हत्ती रंगला, पण पोटावरचा जोड तेवढा कोरा राहिला. तो झाकायला मी पिवळा पतंगाचा कागद कमरेभोवती गुंडाळला आणि पुढे छान निऱ्या घातल्या. (हाताला कला असली की ती अशी कुठूनही बाहेर पडते.)

सोमवारी संध्याकाळी मी तो कपाटावर ठेवायला गेले आणि तो हातातून सुटून माझ्या पायावर पडला. हत्तीच्या पोटाला पोचासुद्धा आला नाही. माझा अंगठा वांग्यासारखा झाला. मी चिकटवलेला एक सुळा निखळून कपाटाखाली गेला तो काही केल्या सापडेना, म्हणून मी हत्तीला एका सुळ्यावरच ठेवलं. आता हा कपाटावर नको, म्हणून जमिनीवर ठेवला. तो लोळत होता, म्हणून खाली पाट दिला. बाहेरच्या खोलीत मोकळा कोपरा एकच होता, देव्हाऱ्याखालचा. तिथे मांडला आणि लंगडत जाऊन झोपले.

यातली प्रत्येक गोष्ट मी काही ना काही कारणाने केली होती. सगळ्या मिळून काय झालं आहे ते मला दिसलं नाही. मी हत्ती करत होते, मला हत्तीच दिसत होता.

मंगळवारी वाढदिवस. मी रजा घेतली होती. सकाळी नऊला वरच्या मजल्यावरच्या सामंतकाकू विरजण मागायला आल्या. काकू भाविक, एकट्या राहणाऱ्या, आणि बिल्डिंगमधल्या सगळ्या सोवळ्याओवळ्याचा शेवटचा शब्द त्यांचा. मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले. परत आले तर काकू दारातच खिळल्या होत्या. पदर डोक्यावर, हात जोडलेले.

त्यांच्या समोर पाटावर, देव्हाऱ्याखाली, शेंदरी अंगाचा, मोठ्या पोटाचा, एकाच दाताचा, पिवळा पितांबर नेसलेला आमचा हत्ती होता. आणि त्याच्या पायाशी बसून एक उंदीर मैद्याची खळ खात होता.

उंदराने आमच्याकडे पाहिलं आणि तो सावकाश पाटामागे गेला.

"सुलभा," काकू म्हणाल्या. "अगं, कधी बसवलास?"

"काकू, तो हत्ती आहे."

"हो गं बाई. हत्तीच तर आहे." त्यांनी गुडघे टेकले. "आज मंगळवार. आणि उजव्या सोंडेचा. तुला कल्पना आहे का, उजव्या सोंडेचा किती कडक असतो ते?"

"ती सोंड वाळताना वळली हो."

"आपण कोण वळवणारे?" काकू म्हणाल्या. विरजण तिथेच ठेवून त्या जास्वंद आणायला गेल्या.

मी सासूबाईंकडे धावले. म्हणजे लंगडले. "आई, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"काय सांगू?" त्या म्हणाल्या. "माका तर सुरवातीपासून दिसत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या हाताक कला आसा, मी मधी कशाक बोलू?"

दुपारपर्यंत हत्तीच्या गळ्यात दुर्वांचा हार आला, समोर नारळ आले आणि तळमजल्यावरून कोणीतरी समई आणून लावली. मी येणाऱ्या प्रत्येकीला हा पिनाटा आहे असं सांगत होते. एकीने तिसऱ्या वेळी मला विचारलं, "पिनाटा म्हणजे कुठल्या गावचा? नवसाला पावतो का?" त्यानंतर मी सांगणं सोडून दिलं.

पाच वाजता मुलं आली. बारा बोलावली होती, अकरा आली. जेनीला गालगुंड झालं होतं. पंख्याच्या हुकाला मी दोरी बांधून ठेवली होती, ती रिकामीच लोंबत होती. मुलांनी उदबत्तीचा वास घेतला, चपला बाहेर काढल्या आणि हात जोडून ओळीने सतरंजीवर बसली. इतक्या शिस्तीचा वाढदिवस मी आजवर पाहिला नाही. मनीच्या फ्रॉकची फीत सुटली होती, ती तिने बांधूनही घेतली नाही.

शिल्पा नावाची मुलगी वर्गाची मॉनिटर होती. तिने बोट वर केलं. "काकी, फोडायचं कधी?"

"शूऽ," सामंतकाकू म्हणाल्या. "असं अभद्र बोलू नये."

आरती झाली. मग दुसरी झाली. काकूंना पाठ असलेल्या सगळ्या झाल्या. मुलं टाळ्या वाजवत होती, पण त्यांच्या टाळ्यांत आता जीव नव्हता. एक मुलगा सतरंजीचे धागे उपसत होता. दोघी जणी कुजबुजत होत्या, "चल ना यार, घरी जाऊ." आणि मनी माझ्या साडीचा काठ ओढत होती.

"आई, आत माझ्या चिठ्ठ्या आहेत."

"कसल्या चिठ्ठ्या?"

"त्यांच्यासाठी. आत्ता सगळे घरी गेले तर त्यांना मिळणारच नाहीत ना." तिने फ्रॉकच्या सुटलेल्या फितीने डोळे पुसले. "काय लिहिलंय ते नाही सांगणार. पण फुटायला हवं होतं."

मला फार वाईट वाटलं. सहा महिने जे मूल रडलं नव्हतं ते वाढदिवसाच्या दिवशी, माझ्या कलेपायी रडायला आलं होतं. मी काकूंजवळ गेले आणि म्हणाले, "काकू, आजच विसर्जन करायचं."

"आज? अगं, दीड दिवस तरी. आणि उजव्या सोंडेचा. मी नाही बाई जबाबदारी घेणार."

तेव्हा सासूबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला, समोरचा एक नारळ उचलला आणि हत्तीसमोर उभ्या राहिल्या. "गाऱ्हाणा घालतंय," त्या म्हणाल्या. कोकणात देवाला असं उभं राहून, मोठ्याने, चारचौघांत सांगणं घालतात. एकदा गाऱ्हाणं घातलं की मग ती गोष्ट देव आणि घरची म्हातारी यांच्यातली. काकूंना त्यात बोलायला जागा नव्हती. "पोरांनो, मी थांबलंय काय तुमी म्हणायचा, व्हय म्हाराजा. मोठ्यान."

मुलं सावरून बसली. बऱ्याच वेळाने त्यांना काहीतरी काम मिळालं होतं.

"बा देवा गणपती म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आज तू ह्या घराक न बोलवता इलंस, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या माझ्या सुनेन तुका बोलवूक नाय. तिना हत्ती करूक घेतल्यान. आणि तिका हत्ती पण धड करूक जमूक नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" (हे सगळ्यात मोठ्याने झालं. त्यात सामंतकाकूही होत्या.)

"तिच्या हातसून तुझो दात मोडलो, सोंड वाकडी झाली, रंग पुरलो नाय. तिची चूक पदरात घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

 सासूबाईंनी नारळ दोन्ही हातांत घट्ट धरला. "माझी नात सा म्हयने बाकार एकटीच बसता, म्हाराजा. बाजूक दप्तर घेवन बसता. आज ही पोरां तिच्या घराक इली. त्यांचो खाव तुझ्या पोटात अडाकलो हा. तो तेंका दी, आणि तू सुखान आपल्या घराक जा, म्हाराजा."

या वेळी "व्हय म्हाराजा" हळू आलं. मुलं हत्तीकडे बघत नव्हती, मनीकडे बघत होती. मनी माझ्या पदरात तोंड लपवून उभी होती. सासूबाईंना हे कधी कळलं होतं, मला माहीत नाही. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

सामंतकाकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "उचल गं सुलभा."

खाली कंपाउंडमध्ये पाण्याचं मोठं पिंप होतं. हत्ती घेऊन मी लंगडत पुढे, मनी त्याची सोंड धरून शेजारी, मागे अकरा मुलं थाळ्या वाजवत. मोरया मोरया करत आम्ही दोन जिने उतरलो. मुलांना आता मजा यायला लागली होती. आम्ही हत्ती पाण्यात सोडला.

तो तरंगला.

मी दाबला. तो वर आला. मनीने दाबला. शिल्पाने दाबला. मग सगळ्यांनी बाह्या वर करून पाळीपाळीने दाबला, मग एकत्र दाबला. चोवीस हात वरून दाबत होते, आणि हात काढले की हत्ती उसळी मारून वर येत होता आणि सगळ्यांवर पाणी उडवत होता. अर्धा तास झाला. मुलं ओलीचिंब, आणि हत्ती ठणठणीत.

"जायला तयार नाही," सामंतकाकू म्हणाल्या. "मन रमलंय."

मी पोटावर नख मारून पाहिलं. नख वाकलं. "आई, हा कागद आहे ना? भिजत का नाही?"

"मेथी घातलंय ना," सासूबाई सहज म्हणाल्या.

"काय घातलंत?"

"मेथी. भिजत घालून, वाटून, लगद्यात. टोपल्यांक घालतत. उंदीर लागना नाय, पाणी लागना नाय. वीस वर्सां काय होणा नाय त्याका."

म्हणजे ते लाडू नव्हते.

"आई," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "हा फोडायचा होता."

"फोडूचो म्हणान काय झाला?" त्यांना माझा मुद्दा खरोखरच कळत नव्हता. "करूचा ता टिकाक व्हया."

मी पिंपाच्या कडेला हात टेकून उभी राहिले. अंगठा ठणकत होता. आता काकूंसमोर याच्यावर कोयता चालवायचा की मुलांना रिकाम्या हाताने घरी पाठवायचं, याचा विचार करत होते. तेवढ्यात पाणी पिवळं व्हायला लागलं. पतंगाच्या कागदाचा रंग सुटत होता. मग निऱ्या सुटल्या. मग पट्ट्या सुटल्या. मी कलेने, स्वतःच्या हाताने, रात्री जागून बसवलेला तो जोड पाण्यात अलगद विरघळला, एक मोठा बुडबुडा आला आणि हत्ती मधोमध उघडून त्याच्या दोन स्वच्छ वाट्या झाल्या.

सासूबाईंची मेथी सुटली नव्हती. माझी खळ सुटली होती.

अकरा मुलांनी एकच आरडाओरडा करून पिंपात हात घातले. पेन्सिली वर तरंगत होत्या, गोळ्या तळाला गेल्या होत्या. मुलं खांद्यापर्यंत हात बुडवून त्या काढत होती आणि तिथेच तोंडात टाकत होती. मग शिल्पाच्या हाताला घडी घातलेली एक ओली चिठ्ठी लागली. दुसरीतली मुलं पेन्सिलीने लिहितात, त्यामुळे अक्षर तसंच्या तसं होतं. तिने ती मॉनिटरच्या आवाजात मोठ्याने वाचली.

"ज्याला ही चिठ्ठी मिळेल त्याने माझ्या बाकावर बसावं. दप्तर मी खाली ठेवीन."

एकेकाला तशीच चिठ्ठी मिळत गेली. सगळ्यांवर तेच लिहिलं होतं. मी अंगठा दुखतोय असं सांगून जिन्यात जाऊन बसले आणि थोडा वेळ रडले. बाहेरून आवाज येत होता. "ए, मला आधी मिळाली." "मग काय झालं? उद्या मी बसणार." "मनी, सांग ना हिला." आणि मग मनीचा आवाज, लालबागला असायचा तसा, मोठा आणि भांडखोर. "थांबा रे, सगळे बसा, जागा करू."

दुसऱ्या दिवशी दोघांच्या त्या बाकावर खरोखरच सगळे बसले. बाईंनी शेवटी पाळ्या लावल्या. मनी पुन्हा एकटी बसली नाही.

त्या दोन वाट्यांच्या सासूबाईंनी टोपल्या केल्या. एकीत लसूण असतो. दुसरीला सोंड आहे (ती ह्यांच्या प्रायमरमुळे राहिली), तिच्यात कांदे असतात. सामंतकाकू हयात होत्या तोपर्यंत आमच्याकडे कांदा मागायला आल्या की आधी टोपलीला नमस्कार करत आणि मगच कांदा घेत.

त्या टोपल्या घासताना सोंडेच्या वाटीच्या तळाला चिकटलेली बारावी चिठ्ठी मला सापडली होती. ती जेनीची, म्हणून मी मनीला दिली. "जेनीला मी तोंडी सांगितलंय," ती म्हणाली. "ही तुला."

मार्चमध्ये पालकांची सभा होती. बाकीचे पालक भिंतीला टेकून उभे होते. मनी माझं बोट धरून मला खिडकीजवळच्या बाकाशी घेऊन गेली आणि तिने दप्तर खाली ठेवलं. मग मला बसणं भागच होतं. आता दुसरीचा बाक दुसरीच्या मापाचा असतो, आणि सासूबाईंनी नंतर माझी समजूत काढायला खरोखरचे मेथीचे लाडू केले होते, दोन वेळा. सभा संपली, सगळे उठले, आणि मला उठता येईना.

बाई, शिपाई आणि दोन पालक अशा चौघांनी ओढून मला बाहेर काढलं. आयुष्यभर मी खूप काही जोडलं आणि चिकटवलं, पण न सुटणारा असा तो एकच जोड माझ्याकडून साधला.